येसूआतेचा सडा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या आजाच्या आजाचे दुधाचे दात पडत होते, तेव्हाची. सावरकोंडात येसू नावाची एक बाई राहायची. लग्न होऊन सासरी गेली, चार वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून माहेरी परत आली. भावाच्या मुलीची ती आते. मग शेजारच्या मुलांनीही तिला आते म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता ती अख्ख्या गावाची आते झाली. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला देवळातला गुरवसुद्धा तिला येसूआतेच म्हणायचा.

येसूआते उंच आणि हाडकुळी. आवाज असा, की तिनं वाडीतून हाक मारली की वर सड्यावर चरणारी गाय मान उचलून बघायची, असं म्हणतात. गावाची गुरं राखणं हे तिचं काम. सकाळी गुरं घेऊन चढण चढायची ती उन्हं कलल्यावर उतरायची.

सडा म्हणजे सावरकोंडाच्या डोक्यावरचं कातळाचं माळरान. पावसात तिथं गवत येतं, आणि गवत वाळून गेलं की खालचा जांभा दगड उघडा पडतो. त्या दगडावर चित्रं आहेत. आजही आहेत. कुणी कोरली, कधी कोरली, कुणाला ठाऊक नाही. वावभर, म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढा लांब मासा आहे, मोर आहे, वाघ आहे, आणि त्यांच्या मधोमध हातपाय पसरून निजलेला एक माणूस आहे. दोन पुरुष आडवे झाले तरी पुरणार नाहीत, एवढा मोठा. त्याला तोंड नाही. नुसता गोल, आत काहीच नाही.

तेव्हा गावात त्या जागेला राक्षसाची जागा म्हणत. गुरं तिथं चरली तरी माणूस वळसा घालून जायचा. येसूआतेही वळसाच घालायची.

मग एका चैत्रात गावात देवीची साथ आली. त्या काळी औषध नव्हतं. गावचे खोत होते अंताजी. करडा माणूस, पण शब्दाला पक्का. त्यांनी नियम केला: ज्याच्या अंगावर फोड दिसतील त्याला सड्यावरच्या खोपीत ठेवायचं. खालून पेजेचं मडकं न्यायचं, खोपीपासून पन्नास पावलांवर एक दगड आहे त्यावर ठेवायचं आणि मागे फिरायचं. त्यापुढे कुणी जायचं नाही. नियम सगळ्यांना सारखा. अंताजींचा थोरला मुलगा विसू वीस वर्षांचा होता. त्याला फोड आले तेव्हा अंताजींनी त्यालाही वर पाठवला. तो खाली आला नाही.

येसूआतेचा भाऊ गेला, आणि पाठोपाठ वहिनीला वर न्यावं लागलं. वहिनीची पेज येसूआतेच घेऊन जायची. तिसऱ्या दिवशी खोपीतून हाक आली, "वन्सं, जरा जवळ या हो." येसूआते दगडापाशी उभी राहिली. पाऊल उचललं, आणि परत ठेवलं. खाली घरात वहिनीचीच सहा वर्षांची सोनकी होती, तिला लागण झाली असती तर? मडकं ठेवून ती खाली आली. दुसऱ्या दिवशी मडकं तसंच भरलेलं होतं.

साथ गेली, पाऊस आला, भाताची कापणीही झाली. पण गाव मुकं झालं होतं. मुलं खेळेनाशी झाली. आणि सोनकी तर बोलायचीच बंद झाली. तिनं शेवटचं विचारलं होतं, "आते, आई एकटीच होती?" त्यावर येसूआते उठून चुलीकडे वळली होती. त्यानंतर त्या पोरीच्या तोंडून अक्षर फुटलं नाही.

आईबाप गेलेली सात-आठ मुलं गावात होती. मोठी माणसं शेतावर गेली की त्यांना बघायला कुणी नसायचं. येसूआते म्हणाली, "गुरं सांभाळते, त्यात ही आणखी आठ." आणि मार्गशीर्षात ती सगळ्यांना घेऊन सड्यावर जाऊ लागली.

एके दिवशी मुलांना बसायला जागा करावी म्हणून ती विळ्यानं वाळलं गवत कापत होती. कापता कापता दगडात रेघ दिसली. येसूआते दचकली. बोलण्याच्या नादात आपण कुठवर आलो, हे तिला कळलंच नव्हतं. ती मुलांना उठवणार, तेवढ्यात धोंडू नावाचा एक मुलगा वाकून म्हणाला, "आते, ही शेपटी हाय. कुणाची गो?"

कित्येक महिन्यांनी एका मुलानं काहीतरी विचारलं होतं. येसूआतेला भीती विसरायला तेवढं पुरलं. तिनं माडाच्या हिराच्या केरसुणीनं माती झाडली, लोटीतलं पाणी रेघांत ओतलं, आणि ओल्या दगडावर मासा उमटला.

"हा हितं कसा आला, आते?"

"मला ठावं नाय," येसूआते म्हणाली. "तू सांग."

ती काही हुशारीनं बोलली नव्हती. तिला खरंच ठाऊक नव्हतं. पण धोंडूनं डोकं खाजवलं आणि सांगायला लागला. हा मासा खाडीला कंटाळला होता म्हणे. तिथं सगळे मासेच मासे. त्याला गाय बघायची होती. म्हणून तो वर आला आणि गाय बघून एवढा दमला की इथंच आडवा झाला. मुलं हसली. येसूआते तोंड उघडं टाकून ऐकत होती. धोंडू थांबला तशी ती म्हणाली, "मग?"

त्या दिवसापासून रोज एक चित्र. बायजी म्हणून एक मुलगी होती, ती मोरावर तीन दिवस बोलली. मुलं कधी भांडायची, माझंच खरं म्हणायची. येसूआते कुणाला चूक म्हणाली नाही, कुणाला बरोबरही म्हणाली नाही. तिच्याकडे दोनच बोल होते: "मला ठावं नाय, तू सांग" आणि "मग?" गोष्ट रंगली की गुरंसुद्धा रवंथ थांबवून कान टवकारायची, असं म्हणतात.

फक्त सोनकी बोलायची नाही. ती मधल्या मोठ्या माणसाच्या तळहाताच्या चित्रात जाऊन बसायची आणि दिवसभर दगडावरून बोट फिरवत राहायची. येसूआते रोज तिच्याशेजारी बसून विचारायची, "हा कोण गो, सोने?" आणि उत्तर आलं नाही तरी बराच वेळ तिथंच बसून राहायची.

शिमगा झाला आणि वाडीतल्या दोन मुलांना ताप भरला. साथ परतली, असं गावानं धरलं. कुणीतरी म्हणालं, पोरं राक्षसाच्या छातीवर नाचतात, तो जागा झाला. देवळासमोर बैठक बसली. अंताजी खोत म्हणाले, "मागच्या वर्षी मी उशीर केला. यंदा करायचा नाही. ती चित्रं फोडून टाका."

सकाळी बारा-पंधरा माणसं घण आणि पहारी घेऊन सडा चढली. पुढे अंताजी. येसूआतेला चढणीवरूनच आवाज आला. ती चित्राच्या कडेला येऊन उभी राहिली.

"बाजूला हो, येसू," अंताजी म्हणाले.

"होते. पण फोडण्याआधी एकदा ऐका. ही पोरं हितं काय बोलतात ते तरी ऐका."

"मुलांच्या गोष्टी ऐकायला आलो नाही मी. हा राक्षस आहे."

तेव्हा येसूआतेच्या मागून आवाज आला. बारीक, खरखरीत. वर्षभर न वापरलेला आवाज जसा असेल तसा.

"हा राक्षस नाय. हा आजारी हाय."

सगळ्यांच्या नजरा तिकडे गेल्या. तळहातात सोनकी उभी होती.

"बघा ना," ती म्हणाली. "ह्याच्या सगळ्या अंगावर देवी आल्यात."

माणसांनी खाली बघितलं. जांभा दगड तो, त्याला बारीक बारीक खड्डे असतातच. जन्मभर असल्या दगडावरून चाललेली माणसं, पण त्या दिवशी त्यांना तो दगड पहिल्यांदा दिसला. कपाळावर खड्डे, छातीवर खड्डे, पायांच्या बोटांपर्यंत खड्डे. कुणाच्या हातातली पहार आपोआप खाली आली.

सोनकी सांगत होती. "खाली कुणाला लागण होऊ नये म्हणून हा वर येऊन निजला. त्याला वाटलं, आता माझ्याजवळ कोण येणार? तर मासा आला. म्हणाला, माझं अंग गार असतं, मी तुझ्या कपाळाला टेकतो. मग मोर आला, त्यानं पिसाऱ्यानं वारा घातला. मग वाघ आला. वाघाला काहीच येत नव्हतं. तो लाजला. मग तो नुसता पायाशी बसला आणि म्हणाला, मी हितंच हाय."

ती थांबली. येसूआते म्हणाली, "मग?"

"मग त्यानं वाघाला विचारलं, खालची माणसं का येत नाहीत? वाघ म्हणाला, येतात की. रोज येतात. दगडापर्यंत येतात, पेज ठेवतात आणि रडत रडत खाली जातात. मी रोज बघतो. मग त्याला बरं वाटलं. मग त्याला झोप लागली."

येसूआते पेजेच्या दगडापासून रडत खाली उतरली होती, हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. ती सोनकीजवळ जाऊन बसली. आणि म्हणतात, फाल्गुनातलं ते ऊन, पण माशाच्या रेघांत सकाळी ओतलेलं पाणी तेवढा वेळ आटलं नाही. माशाची शेपटी हलताना बघितल्याचं तर चार जणांनी देवळात शपथेवर सांगितलं.

मग अंताजी खोत घणावर भार देऊन हळूहळू सोनकीपुढे खाली बसले. "पोरी," ते म्हणाले, "त्या वाघानं एक वीस वर्षांचा मुलगा पाहिला होता का गं?"

सोनकीनं त्यांच्याकडे बघितलं. "मला ठावं नाय," ती म्हणाली. "तुम्ही सांगा."

आणि अंताजींनी सांगितलं. विसूला पोहता कसं येत नव्हतं, तरी तो होडीत सगळ्यांच्या आधी कसा बसायचा. विसू हे नाव वर्षभर त्यांच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं. दुपार टळली, तरी माणसं बसून होती. एक थांबला की दुसरा बोलायचा. घण कुणी उचलला नाही. तापातली मुलं दोन दिवसांत उठून बसली, साधाच ताप होता तो. पण त्या संध्याकाळी सडा उतरताना सोनकी आतेचं बोट धरून एवढी बडबडत होती, की येसूआतेला गुरांना हाक मारायलाही सवड मिळाली नाही.

येसूआते पुढे खूप जगली. सोनकीची मुलं, त्यांची मुलं, सगळ्यांना ती सड्यावर घेऊन गेली. म्हातारपणी तिला दिसेनासं झालं, तेव्हा ती रेघांवर हात ठेवून ऐकायची. एका सकाळी मोराजवळ बसून कुणाची तरी गोष्ट ऐकताना तिनं मान टाकली. मुलाला वाटलं, आते झोपली. त्यानं गोष्ट अर्धी सोडली नाही. शेवटपर्यंत सांगितली आणि मगच खाली येऊन गावाला बोलावलं, असं म्हणतात.

सावरकोंडात तिचं देऊळ नाही, समाधी नाही. पण शिमगा उरकला की एका सकाळी अख्खं गाव सड्यावर जातं. मुलं झाडलोट करतात, रेघांत पाणी ओततात. मोठी माणसं चित्राच्या बाहेर बसतात, आणि त्या दिवशी मोठ्या माणसानं मुलाची गोष्ट मध्ये तोडायची नाही, सुधारायची नाही, असा गावाचा दंडक आहे. पुढच्या रांगेत एक घोंगडी अंथरतात आणि तिच्यावर गुळाची वाटी ठेवतात. त्या घोंगडीवर कुणी बसत नाही. मूल तिच्याकडे तोंड करून उभं राहतं आणि गोष्ट सांगतं. कुणाची लांबते, कुणाची दोन वाक्यांत संपते. मग ते वाटीतला खडा उचलून तोंडात टाकतं आणि चढण उतरताना भेटेल त्याला गुळचट तोंडानं सांगत सुटतं, "यंदा आतेनं माझी गोष्ट ऐकली."