नको म्हणणारा वैमानिक

दूरच्या डोंगरमुलखात कातळवाडी नावाचे गाव होते. तिथे रस्ता पोहोचलाच नव्हता. दरीच्या कडेला एक आखूड, खडबडीत धावपट्टी होती आणि तिच्यावर एक छोटे विमान ये-जा करी. ते चालवणाऱ्या वैमानिकाचे नाव जनार्दन.

जनार्दन ओझे जास्त झाले की सामान उतरवून ठेवी. भर दुपारी तर तो उड्डाणच करीत नसे. "ऊन तापलं की हवा विरळ होते. विमान वेळेत वर उठत नाही," तो म्हणे.

एकदा त्याने सरपंच रखमाजींची बटाट्याची पोती खाली उतरवली. रखमाजी भडकले. "विमान काय तुमच्या बापाचं आहे?"

"नाही," जनार्दन म्हणाला, "पण आत बसणारी माणसं तुमची आहेत."

हे गावाला झोंबले. सगळ्यांनी मिळून विमान कंपनीकडे तक्रार केली आणि जनार्दनची बदली झाली.

त्याच्या जागी सुहास आला. हसतमुख पोरगा. तो कुणालाच नाही म्हणेना. घरोघरी त्याला जेवायला बोलावणे येऊ लागले. आपण या गावाचे लाडके आहोत, याचे त्याला फार सुख वाटे.

वैशाखात रखमाजींची मुलगी कौसल्या सासरी निघाली. भर दुपार होती. तिच्यामागून रखमाजींनी पोती चढवली. इतरांनीही आपापली चढवली. सुहासने पोत्यांकडे पाहिले, मग दरीकडे पाहिले.

"जमेल ना?" रखमाजींनी विचारले.

सगळे गाव त्याच्या तोंडाकडे पाहत होते. "जमवू की!" तो म्हणाला.

विमान पट्टीच्या टोकापर्यंत धावत गेले, जरासे वर उठले आणि दरीत कोसळले. सुहास गेला. कौसल्याही गेली. मागे बसलेले दोघे प्रवासी तेवढे जिवंत सापडले.

जखमींना न्यायला कंपनीने जनार्दनला पाठवले. रखमाजींनी त्याचे हात धरले आणि हंबरडा फोडला. "तुम्ही असता, तर माझी पोर वाचली असती हो!"

"मी होतो, सरपंच," जनार्दन हळूच म्हणाला. त्याने जखमींना आत घेतले आणि दार लावले.

विमान दिसेनासे झाल्यावर गर्दीतून कुणीतरी म्हणाले, "पोर गेलेल्या बापाशी असं बोलतात का? या माणसाला काळीजच नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या.

तात्पर्य: नकार कडू लागतो म्हणून तो देणाऱ्याला घालवू नये; ज्या गावाला फक्त होकार गोड लागतो, ते आपलीच माणसे गमावते आणि तरीही शहाणे होत नाही.