बकुळेची पाठ

त्या राज्यात रस्ते कुणी बांधत नसे. चालून चालून ते आपोआप होत, आणि चालणं थांबलं की विरून जात.

राज्य मुंग्यांचं होतं. जमीन अक्रोडासारखी, घड्याच घड्या पडलेली, आणि वर सदा सायीसारखं धुकं. तिथल्या प्रत्येक मुंगीच्या पाठीवर जन्माचं एकच ओझं असे. कुणाकडे चिंचेची चव, कुणाकडे एखाद्या जुन्या घराचा उंबरा, कुणाकडे निजवायचं गाणं. वेशीवरून हाक आली की जिची पाळी तिने ओझं घेऊन धावायचं, राखणदाराला दाखवायचं आणि माघारी यायचं.

बकुळेकडे एक नाव होतं. दोन अक्षरांचं.

“एवढंसं नाव आणि केवढी ही माझी कंबर,” ती स्वतःच म्हणायची. “पण त्याला तरी माझ्याशिवाय आहे कोण?”

वेशीबाहेरून तो ठरावीक आवाज आला की ती धापा टाकत निघायची. नाव पोचलं की बाहेर कुणीतरी हसायचं. ते हसू ऐकायला बकुळा वेशीपाशी जरा जास्तच रेंगाळायची. कुणी विचारलं तर म्हणायची, पाय दुखतायत.

मग एकदा हाक आली, बकुळा निघाली, आणि पुढे रस्ताच नव्हता. वळसे घेत, चुकत ती पोचली तेव्हा बाहेर सामसूम झालेली.

“बकुळाबाई, बाहेरची वाट बघून गेली हो,” राखणदार रावजी मुंगळा म्हणाला. “जाताना आवाज ओला होता तिचा.”

“परत येईल ना?”

“येईल. पण आपलं नावच निघत नाही अशा दारात माणूस येऊन येऊन किती येणार?”

त्या दिवसापासून बकुळेचा घास गोड लागेना. तिने सभा बोलवायला लावली.

झाडूवाल्यांची मुकादमीण सरूबाई आधीच तापलेली. “डिंक साचलाय सगळीकडे! दोन वस्त्यांच्या मधे नुसते चिकट गोळे.”

“डिंकाचं काय घेऊन बसलीस?” दोरवाली गोदा उसळली. “रस्त्याच्या पोटात दोर असतात, ते पिळून गुंता झालाय. वरून झाडून काय होणार?”

“पाटाचं कुणी बोलूच नका,” म्हातारा पाटकरी कुरकुरला. “पाट आखडलेत. पाणी नाही तिथली वस्ती सुकते. आणि पूर्वी राज्य गाढ निजलं की आम्ही पाणी सोडायचो, सगळी घाण धुऊन जायची. आता राज्य धड निजतं तरी का?”

“अहो, आपल्या पणजीचंसुद्धा असंच झालं होतं,” मागून कुणीतरी म्हणालं. “अंड्यातूनच आलंय हे.”

“मग तुझा रस्ता कसा गं शाबूत?”

“मी अजून म्हातारी कुठं झालेय!”

सभा हसली, आणि हसण्यात निकाल लागला तो सरूबाईच्या बाजूने, कारण तिचा आवाज मोठा. झाडूवाल्या इरेला पेटल्या. डिंक खरवडता खरवडता त्यांनी खालचे धडधाकट पूलही खरवडून टाकले.

“सरूबाई, अगं पूल होता तो!”

“घाईत कळतंय का कुणाला?” सरूबाई म्हणाली, पण तिच्या मिशा खाली गेल्या.

आणि नेमकी तेव्हाच हाक आली. तोच आवाज.

बकुळा निघाली. भांडणात जो तो खरंच बोलला होता, हे तिला चालताना दिसत गेलं. डिंकाच्या गोळ्यापाशीच पिळलेला दोर, दोरापलीकडे कोरडा पाट, पाटाकाठी सुकलेली वस्ती, मोडका पूल. आधी काय बिघडलं आणि मागून काय, ते मात्र धुक्यात कळेना.

पुढच्याच वळणावर नाव डिंकात रुतलं. तिने ओढलं, पाय रोवले, कमरेचा सगळा भार लावला. सुटेना. बाहेरचा आवाज बारीक होत चाललेला. बकुळेने एकदा नावाकडे पाहिलं आणि ते तिथेच सोडून ती रिकामी पळाली.

समोर मुंग्यांचं एक रिंगण फिरत होतं. माग हरवला की मुंगी पुढचीच्या मागे जाते, पुढची तिच्या पुढचीच्या, आणि तशा त्या गोल गोल फिरत राहतात. या साऱ्यांचं ओझं एकच होतं: ‘जेवलीस का?’ फिरता फिरता वेशीशी आल्या की त्या ते दाखवत आणि पुन्हा रिंगणात शिरत. राज्यभर त्यांची चेष्टा चाले.

“अगं, आत्ताच दाखवलंस ना?” बकुळेने एकीला विचारलं.

“कधी? मी आत्ताच तर निघालेय!”

बकुळेने खाली पाहिलं. इतक्या पायांनी तुडवलेला तो रस्ता गुळगुळीत होता, आणि तो वेशीला जात होता. ती रिंगणात शिरली.

“नाव कुठाय?” रावजीने विचारलं.

“राहिलं मागे.”

“मग आणलंस काय?”

“पाठ,” बकुळा म्हणाली. “जन्मभर हिच्यावरच नाव वागवलंय. हुंगून तरी बघा.”

रावजीने हुंगलं. त्याच्या मिशा थरथरल्या. त्याने वेस उघडली.

बाहेर ऊन पडलं होतं. एक सुरकुतलेला हात उचलला गेला, समोर बसलेल्या बाईच्या कपाळावरची बट त्याने हळूच कानामागे सारली.

“जेवलीस का?”

“जेवले गं, आई,” ती म्हणाली, पहिल्यांदाच विचारल्यासारखं. आणि हसली.

आत, वेशीपाशी, बकुळा पाय दुखत असल्यासारखी उभी राहिली.