करंजाच्या तेलावरचं इंजिन

“…मग हे इंजिन शांत कधी होणार, बाबा?”

वामन हर्डीकरांनी मठाच्या ओसरीवर पाना आपटला. शहरात इंजिनं शिकवून कंटाळलेला हा माणूस शांती शोधत भैरवगिरी बाबांकडे आला होता. येताना हत्यारांची पेटी मात्र विसरला नव्हता.

विहिरीवरचं डिझेल इंजिन नेमकं ध्यानाच्या वेळी धडधडे. आवाज कमी व्हावा म्हणून हर्डीकरांनी ते करंजाच्या तेलापासून केलेल्या इंधनावर आणलं. खाली रबर घातलं. आवाज जरासा उतरला, पण हादरे काही जाईनात.

“जमिनीतून थेट मांडीत येतात. डोळे मिटले की इंजिनच दिसतं. शांत झालं तर राहीन, नाहीतर उद्या निघालो.”

“शांतच करायचं ना?”

बाबा उठले. विहिरीवर गेले आणि इंजिनाचा खटका ओढला.

“झालं शांत.”

खरंच… पान हलेना. हर्डीकर खूश होऊन मांडी घालून बसले.

थोड्याच वेळात खालच्या वाडीतून गोजराबाई धापा टाकत वर आल्या.

“बाबा, नळाचं पानी का वं गेलं? नातवाला न्हाऊ घालत हुते. पोर साबणातच बसलंय.”

“ह्या वामनला आवाज सोसत नाही.”

गोजराबाई ओशाळल्या.

“आमाला तर ग्वाड लागतो. धडधड आली की समदी वाडी हात जोडती… पानी सुटलं म्हनून.” मग हर्डीकरांकडे पाहून म्हणाल्या, “तेलवालं सायेब तुमीच न्हवं? बिया आमीच येचल्या जी. आदी डिझेल संपलं की पानी थांबायचं. तुमी आल्यापास्नं थांबलं न्हाई. लई उपकार झालं.”

बिया कोण वेचतं, हे हर्डीकरांनी कधी विचारलं नव्हतं. आपल्या कानांसाठी केलेल्या खटपटीला कुणी हात जोडत असेल, हे तर त्यांच्या गावीही नव्हतं.

ते उठले. हँडल मारलं. घाम फुटला… पुन्हा मारलं.

इंजिन धडधडलं. जमीन हादरली. खालून बायकांचा गलका ऐकू आला, आणि गोजराबाई हात जोडून लगबगीनं उतारावरून गेल्या.

हर्डीकरांनी त्या थरथरत्या धुडावर तळहात ठेवला. किती लोकांचं देणं आपल्यावर आहे, असं वाटून त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“बाबा… आता शांत वाटतंय.”

बाबांनी कानामागे हात धरला.

“जरा मोठ्यानं बोल. इंजिन चालू आहे.”