ठकूबाईनं चुकवलेलं यमक

घाटमाथ्यावरच्या करंजवाडीला गाडीवाट नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वी तिथं ठकूबाई राहायची. भातलावणीला बायामाणसं चिखलात उतरली, की वाडीतली पोरं तिच्या ओटीवर जमायची. ठकूबाईला स्वतःचं मूल नव्हतं. ती पोरांना गाणी जोडायला शिकवायची. डुलणारं शेत दाखवून विचारायची, "कशासारखं दिसतं रे?" कुणी म्हणायचं, आईच्या लुगड्यासारखं. मग ती एक ओळ म्हणायची आणि पोरं तिला जुळणारी दुसरी.

हौसा तेवढी गप्प असायची. आई गेल्यापासून ती पोर बोललीच नव्हती. पण जोड चुकली, की तिच्या कपाळाला आठी पडायची. हे एकट्या ठकूबाईच्या लक्षात आलं होतं.

एका श्रावणात पोरं गुरांमागं कड्याच्या अंगाला गेली आणि धुकं उतरलं. स्वतःचा हात दिसेना, मग कडा कुठून दिसणार? गडीमाणसं हाका मारत सुटली. चहूकडून हाका आल्या, तशी पोरं आणखीच बावरली. तेव्हा ठकूबाईनं सगळ्यांना गप्प केलं, पोरांना आहे तिथंच बसायला सांगितलं आणि ओटीवर जोडलेलं, पोरांना पाठ असलेलं गाणं गायला लागली,

"डोंगराच्या माथ्यावर ढग बसला रुसून…"

धुक्यातून एकेक आवाज आला, "त्याला घरी आणू चला, डोळे त्याचे पुसून."

ज्या बाजूनं आवाज येई, तिकडं माणसं जात आणि पोराला उचलून आणत. असं म्हणतात, की तिचा आवाज तीन डोंगरांपलीकडं ऐकू गेला.

शेवटी एकटी हौसा उरली. तिचा बाप धोंडू खाली बसला. "ठकूबाई, माझी पोर बोलत न्हाई," एवढंच म्हणाला.

ठकूबाईनं ओळ पुन्हा म्हटली. मग तिनं दुसरी ओळही स्वतःच म्हटली, पण मुद्दाम चुकवून,

"त्याला घरी आणू चला, हात त्याचा धरून."

मग कड्याच्या टोकाकडून एक बारीक, रागावलेला आवाज आला.

"पुसून. डोळे त्याचे पुसून."

धोंडू रांगत गेला. पोर करवंदीच्या जाळीला धरून बसली होती आणि तिच्या पायांपुढं जमीन नव्हती. असं म्हणतात, की त्याच घटकेला धुकं मधोमध फाटलं.

आता ठकूबाई नाही, तिची ओटीही नाही. वाडीत शाळा आहे. तिथं गुरुजी उपमा शिकवतात, अनुप्रास शिकवतात. पण यमकाला करंजवाडीची पोरं अजून 'ठकूची जोड'च म्हणतात. आणि दर श्रावणात सगळी वाडी कड्यावर जमते. सगळ्यांत वयस्क माणूस ते गाणं चुकवून म्हणतो. मोठ्यांनी बोलायचं नसतं, कुणाला कोपरखळीही मारायची नसते. वाडीतलं सगळ्यांत अबोल मूल ते दुरुस्त करेपर्यंत कुणी घराकडं वळत नाही.