दाराला कुलूप

बांगड्या भरणाऱ्या द्वारकाबाईंनी सावकाराचं देणं व्याजासकट फेडलं, तरी कोर्टाचे बेलीफ दिगंबरराव पाठ सोडेनात. जप्तीच्या हेलपाट्यांचा खर्च म्हणून त्यांनी देण्याहून मोठी रक्कम मागितली. बाई तडक मुन्सफांपुढे उभ्या राहिल्या.

"एवढे हेलपाटे कशाचे?" मुन्सफांनी विचारलं.

दिगंबररावांनी मिशीवरून हात फिरवला. "साहेब, पहिल्या खेपेला जप्ती केली. उरलेल्या सामानासाठी पुन्हा पुन्हा गेलो, पण बाई बेरकी! दर वेळी दाराला हे भलंमोठं कुलूप. टांग्याचं भाडं भरून हात हलवत परत यायचं."

"खरं का, बाई?"

"एकच विचारते, साहेब. इथं कोर्टाच्या व्हरांड्यात भिंतीला टेकवलंय, ते सागवानी दार कुणाचं?"

"तुझंच की!" दिगंबरराव गुरगुरले. "पहिल्याच खेपेला उचकटून आणलं."

"तेव्हापासून माझ्या घराला गोणपाटाचा पडदा आहे. त्याला कुलूप कुठं लावतात, तेवढं दाखवा."

कोर्टात हशा पिकला. मुन्सफांनी सगळा खर्च रद्द केला आणि दार दिगंबररावांनीच स्वखर्चाने नेऊन बसवावं, असा हुकूम दिला.

संध्याकाळी घामाघूम दिगंबररावांनी दार बसवलं. द्वारकाबाईंनी त्याला कुलूप घातलं आणि त्या हसून म्हणाल्या, "आता या खुशाल, रावसाहेब. कुलूप बघून परत जायची सोय झाली."