वजरीचा अनुभव

घरातल्या वस्तू बोलत आणि पायांना ते ऐकू येई, त्या काळातली ही गोष्ट. अनसूयाबाईंची टाच दुखायची. सकाळचं पहिलं पाऊल तर खिळ्यावर पडल्यासारखं वाटे. न्हाणीघराच्या कोनाड्यातली वजरी तिला रोज खसाखसा घासायची. "दुखणं कातडीत असतं. तीस वर्षांचा अनुभव आहे माझा," ती ऐकवायची.

पलंगाखालच्या खोक्यात, लग्नकार्यासाठी जपलेल्या नव्या मऊ चपला हे ऐकत होत्या. शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "टाचताई, घासून काय होणार? तळव्याची शीर आखडलीय. उठण्याआधी पायाची बोटं वर ओढून ताण द्या. ओट्याशी अनवाणी उभ्या राहू नका."

"कालच्या आलेल्या तुम्ही," वजरी फिसकन हसली. "आमच्याकडे स्वयंपाकघरात चपला येत नाहीत."

एका सकाळी टाच जमिनीला टेकेचना. घर चहावाचून खोळंबलं. तेव्हा कुठे टाचेने बोटं ताणून घेतली आणि चपलांत शिरून ती ओट्याशी गेली. रोज तसंच केल्यावर दोन-तीन महिन्यांत दुखणं ओसरलं.

"बघितलंस?" वजरी तांब्याला म्हणाली, "शेवटी माझ्याच घासण्याने गुण आला."

चपलांनी ते ऐकलं, पण त्यांना उत्तर द्यायला सवड नव्हती. पोळ्या व्हायच्या होत्या. अनुभव सांगत बसायला न्हाणीघराचा कोनाडाच लागतो.