तीन खड्यांचं दार

एका गावात एक होती गोजरा. तिची लेक ठकी नुकती रांगायला लागली होती. मग काय, गोजराला काळजीच काळजी! ठकी शिंकली तरी ही ओव्याची पुरचुंडी शेकायला धावायची. तिला वाटायचं, आई असावी तर आपल्यासारखी.

तिच्या अंगणात, बरं का, एक गांधीलमाशी राहायची. बारीक कमरेची, एकटीच. ना पोळं, ना मैत्रिणी. पायांनी माती उकरून तिनं बीळ केलं होतं. आत तिचं एकुलतं एक बाळ. सकाळी ती एक चिलट आणायची, दुपारी एक आणायची, तिन्हीसांजेला एक आणायची. बाळाला भरवायची. मग बाहेर येऊन मातीनं दार बुजवायची आणि उडून जायची. दाराशी तीन पांढरे खडे होते. तीच तिची खूण.

गोजरा ओट्यावरून बघायची नि नाक मुरडायची. "अगं ए, लेकराला कोंडून कुठं भटकतेस? आई आहेस का कोण?"

माशी बोलायची नाही. तिला वेळ कुठं होता!

मग आला पाडवा. सासूबाई म्हणाल्या, "गोजरे, अंगण कसं आरशासारखं दिसलं पाहिजे हो!"

ठकी ओल्या शेणात रांगत येईल, म्हणून गोजरानं तिला घरात ठेवून बाहेरून कडी घातली. मग खराट्यानं खडेबिडे भिरकावले आणि सगळं अंगण सारवून काढलं.

तेवढ्यात घास घेऊन माशी आली. एक घिरटी घातली, दुसरी घातली, तिसरी घातली. दार काही सापडेना. तिकडे घरात ठकीनं भोकाड पसरलं. गोजरा कडीकडे धावली, तर माशी आडवी आली आणि चक्क बोलली.

"बाई, तुमचं दार तुम्हाला दिसतंय. माझं कुठं गेलं?"

गोजराचा हात कडीवरच राहिला. कानशिलं तापली. लेकराला कोंडून कुठं भटकतेस, म्हणे!

तिनं कडी काढली, ठकीला कडेवर घेतलं आणि ओल्या सारवणात गुडघे टेकले. एका जागी कान लावला, तिथं मुंग्यांची लगबग. दुसऱ्या जागी लावला, तिथं उंदराची खुडबुड. तिसऱ्या जागी अगदी बारीक आवाज आला, "आई, भूक!"

गोजरानं नखांनी सारवण खरवडलं. माशी झर्रकन आत शिरली.

"चुकलं गं माझं," गोजरा बिळाशी वाकून म्हणाली. आत बाळ जेवत होतं.

मग तिनं ते तीन खडे शोधून जागेवर ठेवले. सासूबाई आल्या. "हे काय, मधेच ठिगळ?"

"माझंच काम आहे ते, सासूबाई. असू दे तेवढं."

सणाला आलेल्या बायका फिदीफिदी हसल्या. "सून आळशी दिसते हो!" गोजरानं मान खाली घातली, पण ठिगळ सारवलं नाही. रांगोळीसुद्धा त्याला वळसा घालून काढली.

मग एके दिवशी बिळातून पंख फुटलेलं बाळ बाहेर आलं आणि ठकीच्या नाकावरून उडालं. ठकी खुदकन हसली. गोजराही हसली, जरा घाबरत घाबरत. मग त्या अंगणात दोन्ही घरं सुखानं नांदली.

चला, मिटा डोळे. मी दार नुसतं लोटून घेते हं. कडी नाही घालत.